मदत हवी आहे: सिझरच्या टाक्यावर गर्भ? दोन सोनोग्राफी, दोन निदानं (इंदूर)

नमस्कार. धाकट्या जावेसाठी विचारते आहे. आम्ही इंदुरात, रामबागेत राहतो. तिची दोन्ही बाळंतपणं सिझरची. आता सातवा आठवडा चालू आहे. थोडं स्पॉटिंग झालं, पोटात दुखत वगैरे नाही. पहिली सोनोग्राफी पोटावरून झाली. 'गर्भाची थैली खूप खाली आहे, गर्भ पडतोय' म्हणून क्युरेटिंग (गर्भपिशवी खरवडून साफ करणं) करून घ्या म्हणाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी थांबवलं आणि आतून सोनोग्राफी करायला लावली. त्यात गर्भाशयाची पोकळी रिकामी, मुखाचा मार्ग रिकामा, थैली पुढच्या भिंतीत जुन्या टाक्याच्या जागी, आणि तिच्या व लघवीच्या पिशवीच्या मध्ये स्नायू जेमतेम २ मिमी. ठोके आहेत.

या ठोक्यांपाशीच घरात सगळं अडलंय. सासूबाई म्हणतात, जीव आहे तर हात कशाला लावायचा, सरकेल वर. त्यांना काय सांगू? आणि दोन्हीतलं खरं कोणतं, हे कशावरून ठरतं? एमआरआय करावा का? बीटा एचसीजी (रक्तात तपासतात तो गरोदरपणाचा हार्मोन) तर चांगला वाढतोय.

प्रतिसाद:
ताई, मी बडोद्याला सोनोग्राफीच करते. फिल्म न बघता निदान सांगणार नाही, पण एवढं विचारून घ्या. पडणारा गर्भ सुटलेला असतो. सोनोग्राफीच्या प्रोबने हलकं दाबलं की थैली सरकते, भोवती रक्तप्रवाह दिसत नाही. टाक्यात रुजलेली जागची हलत नाही आणि डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) भोवती रक्तवाहिन्या दिसतात. डॉपलर केलाय का? बीटा एचसीजीवरून गर्भ कुठे आहे ते कळत नाही. एमआरआय शंका उरली तरच.

सासूबाईंचं म्हणाल तर, थैली वाढताना बरेचदा पोकळीकडे फुगते, म्हणून पुढच्या सोनोग्राफीत ती वर गेल्यासारखी दिसेलही. वार मात्र टाक्यातच रुतलेली राहते. पुढे गर्भपिशवी फाटण्याची, वार न सुटण्याची, प्रसंगी पिशवीच काढावी लागण्याची भीती असते. आणि अंदाजाने क्युरेटिंग अजिबात नको. व्रणाच्या जागी स्नायू आवळला जात नाही, रक्त थांबत नाही. मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारं औषध), सोनोग्राफीखाली सक्शन की दुर्बिणीतून, ते रक्ताची सोय असलेल्या मोठ्या ठिकाणी ठरू दे, आणि लवकर. रक्तस्राव वाढला किंवा चक्कर आली तर सकाळपर्यंत थांबू नका. रक्तगट कोणता?

धागाकर्ती:
बी निगेटिव्ह. डॉपलरचा रिपोर्टात उल्लेख नाही, उद्याच विचारते.

प्रतिसाद:
मग निगेटिव्ह रक्तगटासाठी देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचंही आठवणीने विचारा.