मदत हवी आहे: वसईतला पहिलाच गुड फ्रायडे

माहेर अहिल्यानगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. यंदा गुड फ्रायडेला पहिल्यांदाच सासरी आहे. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन (वक्ते सात, त्यामुळे तीन वाजून जातातच!). इथे नवरा सांगतो की त्या दिवशी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होत नाही, वेदीवर कापडसुद्धा नसतं, घंटा बंद. मग लोक रांगेने जाऊन क्रुसाचं चुंबन घेतात. त्या रांगेत मी गेले तर चालेल ना? कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायचं नाही एवढं माहीत आहे, पण तेव्हा जागेवरच बसून राहायचं का?

खरी काळजी सासूबाईंची. वय 66, मधुमेह, रोज सकाळी इन्सुलिन, आणि म्हणतात दिवसभर पाण्यावर राहणार. चर्चच्या नियमाने उपास 18 ते 59 वयाच्यांना, त्यातही एक पूर्ण जेवण चालतं आणि आजाऱ्यांना सूट. हे सांगून पाहिलं. उत्तर आलं, “त्याला क्रुसावर आंब दिली, आणि मी पेज पिऊ होय गं?” (आंब म्हणजे येशूला दिलेला आंबट द्राक्षारस.)

फादरांनाच सांगायला लावू की ते सासूबाईंना आवडणार नाही? तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना कसं पटवलंत?