मदत हवी आहे: होकी माशाचं तिखलं केलं आणि मासाच गायब झाला

सोलं_आणि_तिरफळं:

आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, मला शोधून मिळाला नाही.

ऑकलंडला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं, सध्या सासूबाई देवगडहून आल्यात आणि त्यांना रोज मासे लागतात. सुपरमार्केटात फ्रोजन होकीचं मोठं पाकीट स्वस्त दिसलं म्हणून आणलं (होकी हो, खेळायची हॉकी नाही, घरात यावर पुरेसे विनोद झालेत). पांढरेशुभ्र तुकडे, काटा नाही, वास नाही, मी खूश. आईंनी नेहमीसारखं तिरफळं घालून बांगड्याचं करतात तसं तिखलं केलं, चांगल्या दोन उकळ्या काढल्या, आणि झाकण काढलं तर आत मासाच नाही. नुसता पांढरा गाळ. आई म्हणाल्या, "ह्यो कसलो मासो गो, रश्यात घातलो आणि नायसो झालो!" तेव्हापासून मी मान खाली घालून वावरतेय.

तर हा मासा मुळात असाच आहे का माझं काही चुकलं? खरं सांगते, पाकीट पूर्ण वितळलं होतं, त्यातलं अर्धं मी परत फ्रीझरला टाकलं आणि चार दिवसांनी काढलं. आणि इथे कालवणाला कुठला मासा घ्यायचा? शिवाय नवऱ्याच्या ऑफिसातली एक बाई म्हणते की होकी खाऊच नका, उपसून उपसून संपवलाय, पण पाकिटावर तर तो निळा माशाचा शिक्का आहे, मासा संपणार नाही अशा बेताने पकडलाय असं सांगणारा. खरं काय समजायचं?

खेकड्याची_नांगी:

+१. आमच्याकडे होकीची खिमट झाली होती. वाचतोय.

दर्याकिनारी:

नेल्सनला मासळीच्या कारखान्यात क्वालिटीला सहा वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे आईंचं काही चुकलेलं नाही, त्यांनी बांगड्याची रीत वापरली एवढंच. होकी हा खोल पाण्यातला मासा, साधारण २०० ते ८०० मीटरवर राहतो, चंदेरी लांबुळका अंग आणि वाकटीसारखी निमुळती शेपटी. मांस नाजूक, पाणीदार, पाकळ्यापाकळ्यांचं. म्हणून इथे त्याला पीठ किंवा ब्रेडक्रम्ब लावून तळतात, फिश अँड चिप्स आणि फिश फिंगरमध्ये तोच असतो बऱ्याचदा. त्यात तुम्ही दोनदा फ्रीझ केलात. मोठ्या बोटींवर माशाचे तुकडे समुद्रातच झटकन गोठवतात, घरच्या फ्रीझरला वेळ लागतो, मग बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फाटतात, वितळल्यावर सगळं पाणी ताटात. मग तो रश्यात कसा टिकणार?

माझं म्हणणं एवढंच की होकीला सुरमई समजू नका, बोंबील समजा. आपण बोंबील चिरून वजनाखाली दाबून ठेवतो ना, तसंच करायचं. मीठ लावून दोन ताटांमध्ये ठेवा, वर पाटा नसेल तर तांदळाचा डबा, अर्ध्या तासात किती पाणी सुटतं बघा. मग मसाला, रवा, तांदळाचं पीठ, कडक तव्यावर. कालवणच हवं असेल तर रस्सा पूर्ण तयार करून गॅस बंद करताना तुकडे सोडा, झाकण ठेवा, आणि पळी घालू नका.

आता ऑफिसातल्या बाईंचं. बाई आणि शिक्का, दोघंही अर्धे बरोबर. न्यूझीलंडमध्ये १९८६ पासून कोटा पद्धत आहे, म्हणजे वर्षाला कुठला मासा किती पकडायचा याची सरकारी मर्यादा, होकीचा कोटा एके काळी वर्षाला अडीच लाख टन होता. २००१ साली त्या निळ्या शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं, आणि गंमत बघा, त्याच सुमारास साठा घसरत होता, कारण ओळीने बरीच वर्षं पिल्लंच कमी झाली होती आणि उपसा चालूच. मग कोटा कापत कापत २००७-०८ ला ९० हजार टनांवर आणला. मासा सावरला, कोटा परत वाढवून १ लाख ६० हजारपर्यंत नेला, मग परत कमी, २०२१-२२ ला १ लाख १० हजार. म्हणजे संपवला म्हणणं खोटं, आणि सगळं आलबेल हेही खोटं. तळाला घासत जाणारी ट्रॉल जाळी, त्यात अडकणारे सील आणि समुद्रपक्षी, यावरून पर्यावरणवाल्यांची तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते रास्त आहे. मी स्वतः खातो, पण रोज नाही.

खेकड्याची_नांगी:

दर्याकिनारी, मग कालवणाला काय घेऊ? स्नॅपर परवडत नाही.

दर्याकिनारी:

गर्नार्ड. घट्ट असतो, रश्यात तुकडा तुकडाच राहतो. तराकिहीपण चालेल. आणि होकीच्याच जाळ्यात येणारा एक मासा आहे, कालवणाला झकास, जाड पाकळ्यांचा, त्याचं नाव लिंग. हो, असंच आहे, इंग्रजीत. दुकानात मराठी माणूस बरोबर नेऊ नका.

सोलं_आणि_तिरफळं:

अपडेट. काल राहिलेला होकी ताटांखाली दाबला, वर पाच किलो तांदूळ. वाटीभर पाणी निघालं! रवा लावून तळला, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. आईंनी चार तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, बोंबलाची सर नाय पण खावक बरो. ही आमच्याकडची फर्स्ट क्लास समजा.

आज तो दुसरा मासा आणला आणि तिखलं केलं, तुकडे अख्खे राहिले, आई एकदम खूश. अडचण एकच, रात्री त्यांचा बाबांना व्हिडिओ कॉल असतो आणि बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की आज कुठला मासा होता. आई मघापासून माझ्याकडे बघतायत. कुणाला दुसरं नाव माहीत असेल तर नऊच्या आत सांगा.