शर्यतीतून उतरलेला घोडा इव्हेंटिंगसाठी विकताना किती सांगावे?

पागेवरून:
मुंबईच्या शर्यतींचा मोसम संपला, की चार-पाच वर्षांचे थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे) घोडे ‘इव्हेंटिंगला योग्य’ म्हणून विकायला निघतात. मैदानावरून उतरून सहा महिनेही न झालेल्या घोड्याला हे शब्द लावणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याने ड्रेसाज (आखीव, शिस्तबद्ध हालचाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले अडथळे) आणि शो-जंपिंग (रिंगणातल्या उड्या) अशा तिन्ही परीक्षा द्यायच्या असतात. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स काय किंवा पुण्याचे काय, दोन्हीकडे घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे सतत उजवीकडे वळत धावतात. असा घोडा आणून डाव्या हाताला वीस मीटरच्या वर्तुळावर फिरवला, की त्याचे अंग किती ताठ आहे ते तिथल्या तिथे दिसते.

गेल्या वर्षी मी एक घोडा पाहायला गेलो होतो. पुढच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूने, गुडघ्याखालून हात फिरवला, तर बोटाच्या पेराएवढी गाठ आणि तिच्याभोवती ऊब लागली. विकणारे म्हणाले, “माशी चावली असेल.” कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) इजा आहे का हे पाहणारी सोनोग्राफी मात्र त्यांनी करू दिली नाही. उडीनंतर सगळा भार ज्या पायांवर येतो त्यांच्याबद्दल अशी उत्तरे मला सहन होत नाहीत, कारण त्या घोड्यावर उद्या कुणाची तरी पंधरा वर्षांची मुलगी बसणार असते.

जुना स्वार:
तुमचा राग रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही. सहा महिने घोडा सांभाळायचा कुणी? दाणा-वैरण, मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार, नालबंदी हा खर्च घोडा धावायचा थांबला म्हणून थांबत नाही, आणि मालकावर ही अट लादली तर तो घोडा स्वाराकडे न येता लग्नाच्या वरातीकडे जाईल. भारताचे इव्हेंटिंग स्वार फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत दोन रौप्यपदके मिळवली ती सिन्योर मेडिकॉट या वेस्टफेलियन (जर्मन जातीच्या) घोड्यावर, हे खरे. पण युरोपातून तयार घोडा विमानाने आणणे किती घरांना परवडेल? तपासणी करून घेणे ही शेवटी घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

पागेवरून:
घोडा सांभाळा, असे मी म्हटलेलेच नाही. ‘नुकताच शर्यतीतून उतरलेला, अजून न घडवलेला’ एवढे खरे सांगून कमी किमतीला विका, मी स्वतः घेईन. तपासणी घेणाऱ्याची जबाबदारी असेल, तर ती करू देणे विकणाऱ्याची नाही का?

टाप:
मी घोड्यांची डॉक्टर आहे, आणि मला दोघांचेही थोडे खटकते. पाय वाकवून धरून लगेच दुडकीवर नेण्याच्या चाचणीत घोडा दोन पावले लंगडला, एवढ्यावरून चांगले घोडे नाकारलेले मी पाहिले आहेत; पूर्ण भरून आलेली जुनी दुखापत लहान उड्यांच्या पातळीवर अनेकदा आड येत नाही. परंतु ती दुखापत केव्हा झाली आणि त्यानंतर घोडा किती दिवस कामाविना उभा होता, हे कळल्याशिवाय मला मत देता येत नाही, आणि हे फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून विसार देण्याआधी ही माहिती लेखी मागा.

जुना स्वार:
लेखी माहितीला माझा विरोध नाही. सहा महिन्यांच्या अटीला आहे, आणि तो राहील.