रिझर्व्ह मॅचमध्ये पोरगं चालत चालत खेळते, याला काय करावं?

घाटंजीचे पीटी सर

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पावसाळ्यातला खेळ, शालेय स्पर्धा आटोपल्या की चेंडू कपाटात अन् पोरं क्रिकेटला. तरी आमच्या शाळेतलं एक पोरगं वर गेलं, सध्या एका आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबच्या रिझर्व्ह, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीममध्ये आहे, वय १९. क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाही, पोराला त्रास नको.

तर त्याच्या डेव्हलपमेंट लीगच्या मॅचेस मोबाईलवर दिसतात, मी अन् त्याचा बाप सोबत बसून पाहतो. पहिले दहा-पंधरा मिनिटं बरं खेळते, मग एकदा बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभा. समोरचा विंगर (कडेनं हल्ला करणारा) याच्या बाजूनं निघून गेला तरी हा चालत चालत मागं येऊन राहिला. हाच पोरगा शाळेत असताना चार गोल खाल्ल्यावरही शेवटच्या मिनिटाला चिखलात स्लायडिंग मारायचा, मलाच ओरडून थांबवा लागे. बापानं मला विचारलं, सर याला तिकडे जेवाले देत नाहीत का? बाप कापूसवाला माणूस, त्याला ऑफसाइड समजत नाही पण चालणं अन् पळणं समजते.

सिनियर टीमसोबत सराव असला की म्हणे जीव तोडून पळते, हे त्याच्या रूममेटनं सांगितलं. मग रिझर्व्हमध्येच असं काहून? हे सगळ्या क्लबांत असते का? अन् मी फोनवर बोलावं का, बोललो तर काय बोलावं? शिव्या देणं सोपं आहे, त्यानं काही होत नाही हे इतक्या वर्षांत समजलं.

कामठी लेफ्ट विंग

सर नमस्कार. मी कामठीचा, मुंबईत एका कंपनीच्या बी टीममध्ये काही सीझन काढले, त्यामुळे आतलं सांगू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक टीम दिसते, पण रिझर्व्हच्या अकरामध्ये तीन वेगवेगळ्या मॅचेस चालू असतात. एक सिनियर असते जो इंजुरीतून परत येऊन राहिला, फिजिओनं त्याला साठ मिनिटं सांगितली, त्याचं सगळं ध्यान स्वतःच्या हॅमस्ट्रिंगकडे, टॅकल आला की पाय काढून घेते. दुसरा असते ज्याचा करार मे महिन्यात संपते, तो चाळीस यार्डांवरून पण शॉट मारते कारण त्याला स्वतःचा व्हिडिओ बनवायचा आहे, तुम्ही मोकळे उभे राहून हात वर करा नाहीतर नाचा, पास येणार नाही. अन् तिसरे हे अठरा-एकोणीसचे पोरं.

यातही सगळ्यात वाईट कोण खेळते माहीत आहे का, जो आठवडाभर सिनियरसोबत सराव करून आला अन् मॅचच्या आदल्या दिवशी यादी लागली तेव्हा त्यात नाव नाही तो. त्याच्या डोक्यात रिझर्व्ह मॅच म्हणजे शिक्षा. मैदान पण तसंच, दुपारची मॅच, बाजूचं ग्राउंड, पाहायला दोन टीमचा स्टाफ अन् पाइप घेऊन उभा असलेला माळी. गोल झाला तरी टाळ्या पाच-सहाच वाजतात. एवढ्या शांततेत कोच तुमच्यावर ओरडला की ते पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाते, ते वेगळंच टेन्शन.

आता तुमच्या पोराला हे नक्की सांगा. त्याला वाटते कोणी पाहत नाही, पण आजकाल सगळं नोंदलं जाते. पाठीवर त्या बनियनमध्ये जीपीएसचा डबा असते, किती पळला, किती वेळा फुल स्पीडनं पळला, सगळं संध्याकाळी लॅपटॉपवर. वरून व्हिडिओ. बॉल पायात असताना काय केलं ते कोचला आधीच माहीत असते हो, म्हणून तर क्लबात घेतलं. बॉल गेल्यावर काय केलं, तेच पाहायला तो रिझर्व्हच्या मॅचला येते.

काळी माती

सर तुम्ही पोट्ट्याले दोष काहून देऊन राहिले? मॅचच खोटी हाय तं पोट्टं खरं काय खेळन? शंकरपटाचा जोडा वखराले जुंपून पाहा, पटात पयते तसा वावरात पयन का तो. जीपीएसचा डबा लावा नाई तं सीसीटीव्ही लावा, हारल्यानं कोनाचं काही जात नसन तं कोन कायले मरन.

जर्मनीत पाहा कसं हाय. तिथं मोठ्या क्लबच्या दुसऱ्या टीमा खऱ्या लीगमधी खेयतात, समोर दाढीवाले बापे, घर चालवाले खेयनारे. बायर्न म्युनिकची दुसरी टीम २०१९-२० मधी तिसऱ्या लीगची चॅम्पियन झाली. नियमानं दुसऱ्या टीमले त्याच्या वर जाता येत नाई, म्हनून तिथंच राहिली अन् पुढच्याच सीझनले रेलिगेट झाली, म्हंजे खालच्या लीगमधी पडली. आता अशा लीगमधी कमरेवर हात ठेवून उभं राहून दाखवा बरं. आपल्याकडं एकोनीस-वीसचे पोट्टे एकोनीस-वीसच्या पोट्ट्यांसंग खेयतात अन् आपन म्हनतो अॅटिट्यूड खराब हाय.

रातजागा पुसद

हा माझा विषय आहे, मेडिकल स्टोअर बंद करून रात्री हेच पाहत बसतो, बायको म्हणते इंग्लंडमधल्या पोरांची एवढी काळजी आहे तर तिकडेच राहा.

काळी माती भाऊ बरोबर आहे पण अर्धंच. इंग्लंडमध्ये पण हीच बोंब आहे, तिथं प्रीमियर लीग २ नावाची लीग आहे, २०१६ मध्ये अंडर-२३ म्हणून सुरू झाली, २०२२ पासून अंडर-२१ केली, अन् २०२३-२४ मध्ये सगळ्या २६ टीमांचं एकच टेबल केलं, प्रत्येकी २० मॅच अन् वरच्या १६ टीमा प्लेऑफमध्ये. २६ मधून १६ आत अन् रेलिगेशन नाही, म्हणजे घाबरायचं तरी कशाला. म्हणूनच तिकडचे क्लब पोरगा जरा तयार झाला की लोनवर, म्हणजे काही काळ उधार, खालच्या डिव्हिजनला पाठवतात. हॅरी केन पाहा, टॉटनहॅमनं त्याला २०११ मध्ये लेटन ओरिएंटला दिलं, २०१२ मध्ये मिलवॉलला, मग नॉर्विच, मग लेस्टर. मिलवॉल तेव्हा रेलिगेशनच्या भीतीत होती, तिथं यानं गोल मारले अन् टीम वाचली. परत आल्यावरही लगेच काही झालं नाही, २०१४-१५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये २१ गोल मारले तेव्हा दुनियेला कळलं.

पण एकाच मैदानात, एकाच कोचखाली, त्याच खोट्या मॅचेस खेळून पोरं वेगवेगळी निघतात त्याचं काय? मँचेस्टर युनायटेडनं २०११ मध्ये एफए यूथ कप (इंग्लंडमधला तरुण टीमांचा कप) जिंकला त्या टीममध्ये पोग्बा, रॅव्हल मॉरिसन अन् लिंगार्ड, तिघं सोबत. पायातल्या कलेवर जाणकार लोक मॉरिसनला सगळ्यात वर धरायचे, पण शिस्तीच्या तक्रारी संपेनात, जानेवारी २०१२ मध्ये वेस्ट हॅमला विकून टाकला. पोग्बाला वर संधी मिळत नव्हती, तो वैतागून २०१२ मध्ये युव्हेंटसला गेला अन् २०१६ मध्ये युनायटेडनंच त्याला ८.९ कोटी पौंड देऊन परत आणलं, म्हणजे रिझर्व्हमध्ये वैतागलेला प्रत्येक पोरगा कामचोर नसते हेही लक्षात ठेवा सर. अन् लिंगार्ड, ज्याच्याबद्दल तेव्हा सगळ्यात कमी बोलायचे, तो लोनवर लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रायटन, डर्बी असा फिरत राहिला, बर्मिंगहॅमसाठी पहिल्याच मॅचमध्ये चार गोल मारले, अन् २०१६ च्या एफए कप फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकून देणारा गोल त्याचाच.

काळी माती

हाव पन भाऊ तुमचे केन न लिंगार्ड सुधरले ते लोनवर, रिझर्व्हमधी नाई. माह्याच बाजूनं बोलून राहिले तुम्ही.

रातजागा पुसद

लोनवर जायच्या आधी कोणीतरी यांना रिझर्व्हमध्ये पाहूनच पाठवलं ना बाप्पा. कमरेवर हात ठेवणाऱ्याला मिलवॉलवाले मागतील का?

घाटंजीचे पीटी सर

धन्यवाद मंडळी. काल रात्री बसून मागच्या तीन मॅचेस परत पाहिल्या, या वेळी फक्त त्याच्याकडेच ध्यान ठेवून. एक गोष्ट दिसली जी आधी दिसली नव्हती. त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव करणारा, खेळवून राहिले. शाळेपासून तो लेफ्ट विंगर, गोल मारणारा. पहिल्या मॅचमध्ये विंगवर होता तर मस्त पळाला. पुढच्या दोन्हीत मागं टाकलं तर चालणं सुरू. पुढं जाताना आत्ताही पळते, मागं येतानाच चालते.

रूममेटला विचारलं तर तो म्हणे कोचनं काही समजावलं नाही, फक्त बोर्डवर नाव तिथं लिहिलं. पोराला वाटून राहिलं की आपल्याला खाली ढकललं. आमच्याकडं शाळेत पण जो पोरगा खेळात कच्चा त्यालाच बॅक ठेवतात, ही सवय आम्हीच लावली, खोटं कशाला बोलू.

सेलूची ताई

सर, मी वर्धा जिल्ह्यात मुलींना फुटबॉल शिकवते. तुमची शेवटची पोस्ट वाचली अन् वाटलं, प्रश्न अर्धा तर इथंच सुटला. हे आळसाचं नाहीच, हे रुसणं आहे. आमच्या पोरी पण अशाच रुसतात, फक्त त्या तोंडावर सांगतात, मुलं कमरेवर हात ठेवतात.

त्याला अल्फोन्सो डेव्हिसची गोष्ट सांगा. जानेवारी २०१९ मध्ये बायर्नला आला तो विंगर म्हणून, वय १८, आधी त्यांच्या दुसऱ्या टीमकडून पण खेळला. त्याच वर्षी सिनियर टीमचे डिफेंडर जखमी झाले, लेफ्ट बॅक अलाबाला बचावाच्या मध्ये न्यावं लागलं अन् या पोराला लेफ्ट बॅक टाकलं. ऑगस्ट २०२० मध्ये बार्सिलोनाला ८-२ हरवलं त्या मॅचमध्ये डाव्या बाजूनं सगळ्यांना चुकवत जाऊन किमिखला गोल करून दिला तो हाच, अन् त्याच महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. विंगरचे पाय होते म्हणूनच त्याला तिथं खेळवलं. गॅरेथ बेल उलटा गेला, सुरुवात लेफ्ट बॅक म्हणून अन् नाव झालं विंगवर. आजकाल लेफ्ट बॅकला जेवढी मोकळी जागा मिळते तेवढी विंगरलाही मिळत नाही.

अन् फोनवर "जीव लावून खेळ" असं काही म्हणू नका, ते वाक्य त्या पोरानं हजारदा ऐकलं असणार, त्याचा अर्थ काय करायचं हे कोणी सांगत नाही. त्याला मोजता येईल असं काहीतरी द्या. मी माझ्या मुलींना एकच काम देते, बॉल गेला की पाच सेकंद. कोच ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनाची ती पद्धत तर प्रसिद्धच आहे, बॉल गेला की पहिले पाच सेकंद तुटून पडायचं. पाच सेकंदांत नाही मिळाला तर मग आपल्या जागेवर या, पण ते पाच सेकंद चालायचं नाही. एवढंच काम. मॅच संपली की किती वेळा केलं ते तिनंच मला सांगायचं, मी विचारत नाही. रुसलेल्या पोरीला पण पाच सेकंद जमतात.

ग्वार्डिओलावरून आठवलं, तोसुद्धा आधी बार्सिलोनाच्या बी टीमचाच कोच होता. २००७-०८ मध्ये ती टीम चौथ्या डिव्हिजनला पडलेली होती, तिथं बुस्केट्स अन् पेद्रो खेळत होते, त्यांनी टीम वर काढली. दोघंही २०१० मध्ये वर्ल्ड कप जिंकलेल्या स्पेनच्या टीममध्ये होते. पुढच्या वर्षी बी टीमचा कोच सिनियर टीमचा कोच होईल हे त्या पोरांना तेव्हा कुठं माहीत होतं. तुमच्या पोराच्या क्लबातही उद्या कोण वर जाईल कोणाला माहीत.

कामठी लेफ्ट विंग

ताईंनी मस्त सांगितलं. एक आपल्या देशातलं नाव जोडतो, आकाश मिश्रा. लेफ्ट बॅक. इंडियन अॅरोजमधून आला, ती फेडरेशनची तरुण पोरांची टीम होती, आय-लीगमध्ये मोठ्यांसोबत खेळायची अन् बऱ्याचदा हारायची. तिथून २०२० मध्ये हैदराबादला गेला, २०२१ मध्ये इंडिया टीममध्ये आला, अन् २०२१-२२ ची आयएसएल जिंकली. सर, आपल्याकडं डाव्या पायाचे लेफ्ट बॅक शोधून सापडत नाहीत. गोल मारणाऱ्या जागेवर तर क्लब परदेशी खेळाडू आणतात, त्या जागेसाठी भांडण जास्त. तुमच्या पोराचा पाय डावा असेल तर कोचनं त्याला सिनियर टीमच्या जवळच नेलं म्हणा.

आणि एक करा, त्याला म्हणा कोचला सरळ जाऊन विचार, मला तिथं काहून ठेवलं अन् माझ्याकडून काय पाहिजे. पोरं घाबरतात विचारायला. आपल्याकडची पोरं तर जास्तच, हिंदी-इंग्रजी नीट येत नाही म्हणून मीटिंगमध्ये मागं बसतात. मी पण तसाच बसायचो. रूममेटला सोबत घेऊन जा म्हणा.

काळी माती

अॅरोजवाले मोठ्यांसंगच खेयत होते ना. मी तेच तं म्हनून राहिलो पयल्यापासून. पन जाऊ द्या, ताईचं पाच सेकंदवालं पटलं आपल्याले.

घाटंजीचे पीटी सर

आज दुपारी बोललो त्याच्याशी. आधी फक्त हो सर, हो सर. मग डेव्हिसचा तो व्हिडिओ पाठवला अन् विचारलं हा कोणत्या जागेवर खेळतो सांग, तर म्हणे विंगर. म्हटलं नीट पाहा. पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन आला. कोचला विचारतो म्हणाला, सोमवारी. पाच सेकंदाचं पण सांगितलं, मोजून कळवतो म्हणाला, कळवते का नाही पाहू.

मग त्याच्या बापाला सगळं समजावून सांगितलं, मागं काहून ठेवलं, जागा चांगली आहे, सिनियरला जायची संधी आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं अन् विचारलं, सर, मागं खेळनाऱ्याले पगार कमी भेटते का? कोणाला पक्कं माहीत असेल तर सांगा, तो उद्या सकाळी शाळेत येणार आहे विचारायला.

कामठी लेफ्ट विंग

जागेवरून पगाराचं पक्कं रेटकार्ड नसते सर, करार ज्याचा त्याचा. सिनियर टीममध्ये खेळला की वाढते, बसून राहिला की नाही. बापाला सांगा करार संपायची तारीख पोराला विचारून ठेवा, अन् नवा करार आला की सही करायच्या आधी कोण्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.