ट्रॅकचा मिक्स (सगळे आवाज जुळवून एकत्र केलेलं रूप) लोकांना ऐकवून सुधारतो हा भ्रम आहे. पटत नसेल तर भांडा

डिचोलीचा_लूपवाला

चतुर्थीपासून एका ट्रॅकवर बसलोय. १३८ बीपीएम (मिनिटाला ठोके), ए मायनर, साडेसहा मिनिटं. मधल्या ब्रेकला (मोकळ्या भागाला) घुमट, म्हणजे आपलं गोव्याचं मडक्याचं वाद्य आहे, तेही मामाच्या घरचं, खरंखुरं वाजवलेलं. सॅम्पल पॅकमधलं, म्हणजे तयार तुकड्यांतलं नव्हे. सगळं रेकॉर्डिंग माझ्या खोलीत. तीन मीटर बाय तीन मीटर, चिऱ्याच्या भिंती, कोपऱ्यात आईचं शिवणाचं मशीन.

मिक्स झाल्यावर अकरा जणांना पाठवला. उत्तरं बघा: "बेस कमी आहे." "बेस फार झालाय, गाडीचं दार थरथरतं." "घुमट पुढे घे." "घुमट डोक्यात आपटतं, मागे ने." एकाने नुसती आग पाठवली, पिवळी-लाल. मावसभाऊ म्हणाला "बरें आसा", आणि पुढच्याच ओळीत उद्या क्रिकेटला येतोस काय म्हणून विचारलं.

मी शहाण्यासारखं प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकलं. आज नववी आवृत्ती आहे आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे, हे मला स्वतःला ऐकू येतं.

म्हणून माझं मत: घरी रेकॉर्ड करणाऱ्याने मिक्सवर मतं मागत फिरू नये. समोरचा माझ्या ट्रॅकबद्दल बोलतच नसतो, त्याच्या फोनबद्दल बोलत असतो. आवाजाचे मीटर बघा, आवडता ट्रॅक शेजारी लावून ताडून बघा, आपले कान तयार करा. बास.

जत्रेचा_साऊंडवाला

भाऊ, अकरा जणांपैकी कोणी कशावर ऐकलं हे विचारलंस काय? नाही ना? मग चूक त्यांची कशी?

तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे, तुला दिसलं नाही इतकंच. खोली तीन बाय तीन. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर सुमारे ५७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमायला लागते. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांनी तोच आकडा येतो, म्हणजे दुखणं दुप्पट. भिंतीलगत हा बेस फुगतो, खोलीच्या बरोब्बर मध्ये तो जवळजवळ गायब होतो. आणि तू ए मायनरमध्ये आहेस, तुझा खालचा ए हा स्वर ५५ हर्ट्झ. आता सांग, खुर्ची कुठे आहे?

खुर्ची मध्ये असेल तर तुला किक-बेस (खालचा ढोलाचा ठोका आणि बेस) ऐकूच येत नव्हता, म्हणून तू तो वाढवत गेलास. गाडीवाल्याला तो फार वाटला, बरोबर वाटला. फोनवाल्याला कमी वाटला, तोही बरोबर: फोनचा स्पीकर ५५ हर्ट्झ वाजवतच नाही. त्याला बेस जाणवायचा असेल तर वरचे हार्मोनिक्स (त्याच स्वराचे वरचे पडसाद) लागतात, त्यासाठी थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी खरखर द्यावी लागते. दोघांनी एकमेकांविरुद्ध सांगितलं आणि दोघेही खरं बोलले. तू दोघांची सरासरी काढलीस, तिथे फसलास.

डिचोलीचा_लूपवाला

खुर्ची मध्येच आहे. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला मशीन, जाणार कुठे!

पण दादा, हे तर माझ्याच बाजूचं झालं. मला माणसांनी नाही, भौतिकशास्त्राने वाचवलं. मोजमापाचा माइक आणून साइन स्वीप (खालून वरपर्यंत चढत जाणारा सूर) वाजवला असता तर एकाही माणसाला न विचारता हे कळलं असतं.

जत्रेचा_साऊंडवाला

कळलं असतं. पण स्वीप नव्हता ना वाजवलास. गाडीचं दार थरथरलं म्हणून आपण इथे बोलतोय.

काणकोणची_हेडफोनवाली

मी पूर्ण हेडफोनवर मिक्स करते, कारण पलीकडच्या खोलीत मुलगी झोपलेली असते. हेडफोनला खोलीचा त्रास नाही, पण पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) आणि रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) बाबतीत तो खोटं बोलतो. स्पीकरवर लावलं की सगळंच अरुंद आणि ओलं, म्हणजे घुमाऱ्यात बुडालेलं वाटतं. म्हणून मला माणसं लागतातच.

फक्त "कसं वाटलं?" हे मी कधीच विचारत नाही. तो प्रश्न म्हणजे पाहुण्याला "आमटी कशी झालीय?" विचारण्यासारखा. कोण खारट म्हणणार? मी विचारते: कुठल्या मिनिटाला तुझं लक्ष उडालं? माझ्या आईला यातलं काही कळत नाही, पण ती २ मिनिटं ४० सेकंदांवर मान वर करून म्हणाली, "हें मदीं कितें पडलें?" (हे मध्येच काय पडलं?) बघितलं तर फिल्टरचा स्वीप किकच्या अंगावर येत होता. संगणकातल्या आठ प्लगइनांनी मला ते सांगितलं नव्हतं.

लूपवाल्या, तुझे अकरा जण वाईट नव्हते, तुझा प्रश्न ढिसाळ होता.

हणजूण_जुना_माणूस

माझं वेगळंच म्हणणं आहे. ज्या संगीताच्या नावात आपल्या गोव्याचं नाव आहे ते गोवा ट्रान्स अशी मतं गोळा करून झालं काय? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर डॅट (डिजिटल) टेपवर संगीत वाजायचं. विनाइलची तबकडी उन्हात वाकायची, म्हणून टेप. लोक टेप आणायचे, रात्री वाजवायचे, माणसं नाचली की तोच निकाल. पहाटे वाळूत कोण उभं आहे आणि कोण बसलंय एवढंच बघायचं. 'लो-मिड (बेसच्या जरा वरचा पट्टा) ४ डीबी (डेसिबल) कमी कर' असलं पत्र तिथे कुणाला येत नव्हतं. आजची पोरं ट्रॅक नाचवायच्या आधीच तपासायला देतात.

म्हापसा_मास्टरिंग

काका, किनाऱ्यावरचं सगळं मान्य, पण अर्धीच गोष्ट सांगताय. त्यातले बरेचसे ट्रॅक युरोपातल्या स्टुडिओंमध्ये तयार होऊन इथे यायचे. मिक्स करणाऱ्याच्या शेजारी दुसरी एक-दोन माणसं बसलेली असायची, ती मत देतच होती, फक्त लिहून देत नव्हती. आणि नाचणारे पाय हासुद्धा अभिप्रायच की. त्यातून ट्रॅक चालला की नाही एवढं कळतं, का चालला नाही ते कळत नाही.

शिवाय आज तो निकाल मिळवायचा कुठे? रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून. पहाटेची वाळू आता कुणाच्या वाट्याला?

लूपवाल्याला एकच विचारतो: फाइल पाठवताना मास्टरवर (शेवटच्या एकत्र आवाजावर) लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबून सगळं मोठं करणारं साधन, होता काय आणि किती एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप)?

डिचोलीचा_लूपवाला

होता. उणे ७. बाकीचे ट्रॅक तेवढ्यावरच असतात म्हणून.

म्हापसा_मास्टरिंग

झालं मग. तू मिक्सवर मत मागितलंस आणि चेपलेलं मास्टर ऐकवलंस. लिमिटर एवढा दाबला की घुमटाच्या थापेचं टोक जातं, आणि मग लोक म्हणतात पुढे घे. घुमटाचा फेडर (आवाजाची पट्टी) वर नेलास की लिमिटर आणखी दाबतो. हे चक्र नऊ आवृत्त्या चाललं असणार.

मत मागायला पाठवताना मास्टर मोकळा सोड, ५-६ डीबी जागा ठेव. आणि आवडता ट्रॅक शेजारी लावून ताडतोस, तेव्हा दोघांचा आवाज कानाला सारखा करतोस काय? जरासा मोठा वाजणारा ट्रॅक नेहमी चांगलाच वाटतो, तुझ्या कानालाही. तसाही स्पॉटिफाय सगळं उणे १४ च्या आसपास आणतं. तुझे ७ डीबी तिथे परत खाली जाणार, चेपलेपण मात्र राहणार.

आरतीतला_घुमटकार

मी फोंड्याचा. वयाच्या दहाव्या वर्षापासून घुमट वाजवतो, संगणकातलं मला काही समजत नाही. भाच्याने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे किकवर भांडताय. घुमट कुणी विचारलं? लूपवाले बाब, माइक कुठे लावला होता? नक्की चामड्यासमोर. सगळे तिथेच लावतात. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर बोल काढतात, आणि डावा तळवा लहान तोंड उघडतो-झाकतो. तो जो 'घुम्म' वर चढतो-उतरतो ना, तो डाव्या हाताचा. चामड्यापुढच्या माइकला फक्त टकटक मिळते. डोक्यात आपटतं म्हणणाऱ्याने ती टकटक ऐकली, आणि पुढे घे म्हणणारा घुम्म शोधत होता.

आणि चतुर्थीच्या पावसात चामडं ढिलं पडतं. आरतीआधी आम्ही शेकून घेतो. शेकलं होतं काय? पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. तो मान टकटकीला नव्हता दिला.

डिचोलीचा_लूपवाला

काका, माइक चामड्यासमोरच होता. आणि शेकलं नव्हतं, मामा म्हणाला चालेल.

शिवाय घुमटाचं १५० हर्ट्झखालचं सगळं ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापलंय, किकला जागा हवी म्हणून. सगळीकडे तसंच शिकवतात.

आरतीतला_घुमटकार

म्हणजे उरलासुरला डावा हातसुद्धा कापलास.

म्हापसा_मास्टरिंग

काकांशी मी अर्धा सहमत. ब्रेकमध्ये किक नसेल तर कापायचं कारणच नाही, तेवढ्या भागापुरतं ईक्यू काढून टाक. पण किक परत येते तेव्हा खाली दोघांना एकत्र जागा नाही, कुणीतरी वाकायलाच हवं. साइडचेन (एका आवाजाने दुसरा आपोआप दाबण्याची सोय) लावलीस तर किक वाजते तेवढा क्षण घुमट खाली बसेल आणि लगेच उठेल. काकांना ते आवडणार नाही, हे माहीत आहे.

आरतीतला_घुमटकार

आवडणार नाहीच. आरतीत शामेळ (ढोलकं) आणि कासाळे (मोठे टाळ) सोबत असतात, तिथे कुणी कुणाला खाली बसवत नाही. वाजवणारा ऐकून जागा सोडतो. पुन्हा वाजव आणि किकच्या मध्ये वाजव. मशीनला कशाला सांगतोस?

काणकोणची_हेडफोनवाली

अख्ख्या धाग्यातली ही एकमेव सूचना मिक्सबद्दल नाही आणि तीच मला सगळ्यात कामाची वाटते.

जत्रेचा_साऊंडवाला

पुन्हा रेकॉर्ड करणार असशील तर दोन माइक लाव, एक चामड्याकडे, एक लहान तोंडाकडे. पण सांभाळ: थाप पडली की चामडं आत जातं, एका माइकला हवा ओढली जाते आणि दुसऱ्याला ढकलली जाते. दोन्ही तसेच मिसळलेस तर खालचा आवाज एकमेकांना खाईल. एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघ, ज्यात जाड वाजेल ते ठेव.

आणि शेवटी मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐक. मी जत्रेतल्या नाटकांना साऊंड लावतो, आमचं सगळं मोनोच असतं. स्टिरिओत रुंद केलेला बेस घेऊन पोरं येतात आणि मैदानात तो नाहीसा झाला की माझ्या बॉक्सला शिव्या देतात.

हणजूण_जुना_माणूस

एवढं सगळं करून माणसं नाचतील काय, हे अजून कुणी सांगितलं नाही.

डिचोलीचा_लूपवाला

दोन दिवसांनी लिहितोय. मधे वीज गेली होती, नेहमीप्रमाणे.

खुर्ची मागच्या भिंतीकडे सरकवली, मशीन बाहेरच्या खोलीत गेलं, आई अजून बोलत नाही. बेस ऐकू यायला लागला आणि लाज वाटली. किक ५ डीबी खाली आणली. लिमिटर काढला. पहिली आवृत्ती उघडून बघितली: तिच्यातही तोच घोळ, फक्त कमी.

मत बदललं असं मात्र म्हणणार नाही. अकरा जणांपैकी एकानेही माइक कुठे होता हे विचारलं नाही. ते विचारलं ज्यांनी ट्रॅक ऐकलेलाच नाही त्या काकांनी. म्हणजे मिक्स ऐकवून नाही सुधारला, त्याबद्दल भांडून सुधारतोय.

रविवारी मामाकडे जातोय, दोन माइक उसने मिळालेत. काका, तुम्हाला फोंड्याहून डिचोलीला यायला जमेल काय? मामा बोल बरे काढतो, पण किकच्या मध्ये वाजवायचं म्हटलं तर तो चिडणार. देव बरें करूं.

आरतीतला_घुमटकार

येतो. घुमट माझं आणतो. शेकायला निखारे तयार ठेव.