बेदाणा दहा मिनिटं चघळायचा, मग आमटीचं काय?

तासगावकर_पुण्यात
आमच्या कॉलेजनं (पुण्यातलं आहे, नाव नको) या सत्रात हॉस्टेलच्या मुलामुलींना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स सक्तीचा केलाय. विषय 'सजग आहार'. पहिल्या तासाला प्रत्येकीच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. बघा, वास घ्या, कानाशी नेऊन दाबा, जिभेवर ठेवा, चावू नका. मी तासगावची. आमच्याकडे बेदाण्याच्या शेडवर येताजाता मूठभर तोंडात टाकतात. एका बेदाण्याला दहा मिनिटं आयुष्यात दिली नव्हती. मजा आली, खोटं कशाला बोलू.

तिथून उठून मेसला गेले. आमटीत डाळ शोधावी लागली. पोळ्या दुपारच्या. भाजी बटाट्याची, आठवड्यात चौथ्यांदा. ही पण सजगपणे खायची का? कोर्सला एक खोली आणि एक ट्रेनर पुरतो. मेस सुधारायची तर पैसे लागतात, कंत्राटदाराशी भांडावं लागतं. म्हणून कोर्स आधी झाला. पोरं वाईट खातात ती लक्ष नसतं म्हणून नाही, समोर दुसरं काही नसतं म्हणून.

मास्तर_अजून_नोकरीत
अर्धं पटलं. मी मानसशास्त्र शिकवतो, असे कोर्स घेतोही. तो बेदाण्याचा प्रकार जॉन कबात-झिन यांच्या माइंडफुलनेस कार्यक्रमातून सगळीकडे गेला. त्यांनी तो कार्यक्रम १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. आहारशास्त्राशी त्याचा संबंध नाही. आपलं लक्ष कुठं भरकटतं ते कळावं, एवढ्यासाठी तो बेदाणा.

माझ्याकडे मेकॅनिकलचा एक मुलगा होता. रोज रात्री साडेअकराला फरसाणचं पाकीट फोडायचा. त्याला म्हटलं, आठवडाभर फक्त लिही, भूक होती का. सातपैकी पाच रात्री त्यानं लिहिलं, 'नव्हती. असाइनमेंट उघडली होती.' मेसमध्ये उद्या पंचपक्वान्नं वाढली तरी त्या पाकिटाचं काय करणार?

आकडेबाज
दोन अभ्यास सांगतो. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कोर्सची चाचणी झाली, २०१८ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आली. परीक्षेच्या काळातला मानसिक त्रास कमी झाला. मुख्य मोजमाप त्रासाचं होतं, ताटाचं नव्हे. आणि ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या आठ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसचीच मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ला लागला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही.

शाळेतली पोरं वेगळी, मान्य. पण केंब्रिजचे विद्यार्थी स्वतःहून नाव देऊन आले होते आणि शाळांत अख्ख्या वर्गाला एकदम बसवलं होतं. धाग्यात 'सक्तीचा' हा शब्द आहे, त्याकडे बघा.

उकडीचा_मोदक
आमची आजी पानावर बसलं की बोलू द्यायची नाही. तिला कुणी मानधन दिलं नाही ट्रेनरचं.

तासगावकर_पुण्यात
आजी येणार हे ठाऊकच होतं :) आजी वाढायलाही होती की! गरम.

पेठेतल्या_काकू
मुलानं धागा दाखवला म्हणून लिहिते. माझी सदाशिव पेठेत मेस आहे, बावीस वर्षं. आमटी पातळ का होते ते माझ्याकडून ऐका. खाडा! महिन्याचे पैसे भरायचे, मग चार दिवस गावाला, आल्यावर 'काकू, खाडा धरा'. सांगून गेले तर धरते मी. न सांगता जातात त्याचं काय? साठ मेंबर धरून कणीक मळायची आणि पानावर बसतात चाळीस. ते कुठून तरी भरून निघणार ना? काही जण डाळीतून काढतात. मी काढत नाही.

आणि पोरांचंही सांगते. मोड आलेल्या मटकीची उसळ केली की तशीच ताटात राहते, आणि रात्री हेच मेंबर भुर्जीपावच्या गाडीवर उभे. कोशिंबीर महिनाभर ठेवून पाहिली, पातेलं तसंच आत यायचं. रविवारच्या फिस्टला गुलाबजाम असले की एकाचाही खाडा नाही. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून जेवतात. पोळी वाढली तरी मान वर होत नाही. एकाला विचारलं, आज भाजी कशाची रे? त्यानं ताटाकडे बघून सांगितलं. वांगं अर्धं खाऊन झालं होतं.

तासगावकर_पुण्यात
काकू, तुमच्याकडे नाही आवडलं तर मेंबर दुसरी मेस लावतो. आमचे पैसे फीबरोबरच कापलेले असतात. खाडा मिळत नाही, मेस बदलता येत नाही, आणि कंत्राटदाराला हे पक्कं माहीत आहे. यूजीसीनं २०१६ला आणि परत २०१८ला कॉलेजांना जंक फूड बंद करा म्हणून कळवलं होतं. आमच्या कॅन्टीनमध्ये समोसा आहे तिथंच आहे. बंद झाली ती उकडलेली अंडी.

इगतपुरी_रिटर्न
दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, नव्या साधकांना पाचला चहा आणि फळ, संपलं. रात्रीची भूक तिसऱ्या दिवशी गेली. घरी आल्यावर दोन दिवसांत परत आली, मिसळीसकट. साधं अन्न वेळेवर समोर आलं तर माणूस तेच खातो, हा माझा अनुभव. त्यामुळे मी धागाकर्तीच्या बाजूनं.

नाव_नको
मास्तर, त्या वहीबद्दल. एफवायला असताना मी आधीच पोळ्या मोजत होते. अर्धी, पाव, नुसता पदर. त्यात आमच्या कोर्सला सांगितलं, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, काय खाल्लं ते लिहा. मला मोजायला आणखी एक गोष्ट मिळाली. सगळे कौतुक करत होते, किती शिस्तीत जेवते. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं हाताला धरलं आणि तिला बांगडी कोपरापर्यंत सरकलेली दिसली. डॉक्टरांनी सगळ्यात आधी वही बंद करायला लावली. कोर्सच्या आधी मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि सक्तीचा असला की 'मला नको' म्हणायला कारण द्यावं लागतं, वर्गासमोर.

मास्तर_अजून_नोकरीत
हे मी विचारत नव्हतो. चुकलंच. पुढच्या बॅचला पहिल्या तासाआधी एकेकाला वेगळं भेटेन. मी घास मोजायला सांगत नाही, पण वही हातात दिली की मोजणं आलंच. सक्तीही नको.

तरी तासगावकर, मेस सुधारेपर्यंत लक्ष देणं थांबवा, हे मला पटणार नाही. काकूंचा तो वांग्यावाला मुलगा चांगल्या मेसमध्येच बसला होता.

तासगावकर_पुण्यात
थांबवा म्हणत नाहीये. तास खोलीत नको, मेसमध्ये घ्या म्हणतेय.

आणि काल खरंच ट्रेनर सरांना मेसमध्ये ओढून नेलं. म्हटलं, बेदाणा राहू द्या, आता आमटी. आम्ही अकरा जणी वाट्या घेऊन बसलो. बघा, वास घ्या, घोट तोंडात धरा. सर डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात सुपरवायझर आला आणि त्यानं त्यांच्या पुढ्यात दुसरी वाटी ठेवली. घट्ट, वर कोथिंबीर.

ती कुठल्या पातेल्यातली, ते शोधतोय आम्ही.