अनुभव धागा : घरात टिकलेला पैसा

पैसा कसा कमवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला विचारायचंय ते वेगळं. तुमच्या घरात आलेला पैसा दहा-वीस वर्षांनी टिकलाय का, आणि कशामुळे? टिकला नसेल तर तेही लिहा. रकमा सांगायलाच हव्यात असं नाही, पण नेमकं काय केलंत ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून करते. आई सोलापुरात प्राथमिक शिक्षिका होती. 1988 साली तिनं मुख्य पोस्टात पीपीएफ, म्हणजे पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं उघडलं, महिना 500 रुपये. पाच तारखेच्या आत ती रांगेत असायचीच, कारण नंतर भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. पासबुकावर शिक्का बसला की शाई वाळायच्या आत ती फुंकर मारून आकडा वाचायची. तेव्हा व्याज 12 टक्के होतं, आता 7.1 वर आलंय. पंधरा वर्षांत भरले 90 हजार, हातात आले दोन लाखांच्या वर. माझं इंजिनिअरिंग त्यातून झालं. मधे दोनदा फार ओढाताण झाली. दोन्ही वेळा तिनं पाटल्या गहाण टाकल्या, सोडवूनही आणल्या, पण खात्याला हात लावला नाही.

वैजापूर तालुका, शेतकरी
समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली. मोबदला एकदम खात्यावर आला. एवढा पैसा घराण्यात कुणी पाहिला नव्हता. गावात महिन्याभरात नव्या गाड्या दिसायला लागल्या, रोज कुणीतरी प्लॉटचे नकाशे घेऊन ओट्यावर येऊन बसायचं. वडील म्हणाले, "जमिनीचा पैसा जमिनीतच गेला पाहिजे." सहा महिने त्यांनी कुणालाच होकार दिला नाही, सगळी रक्कम मुदत ठेवीत ठेवली. मग रस्त्यापासून लांब, पण पाण्याची जमीन घेतली. सातबारा, फेरफार, विहिरीतला हिस्सा, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं. तेव्हा मला त्यांचा रागच यायचा, कारण मलाही गाडी हवी होती. आज ठिबकवर डाळिंब आहे. चुलत्यांचा पैसा दोन लग्नांत आणि एका बंगल्यात गेला, आता ते दुसऱ्याची शेती बटईनं करतात. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण ती माझीच माणसं आहेत.

निवृत्त एसटी वाहक
माझा अनुभव बुडाल्याचा. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ग्रॅच्युइटी एका पतसंस्थेत ठेवली. संचालक ओळखीचे, रोज रामराम घालणारे. एके दिवशी शटर अर्धं खाली होतं आणि आत पंखाही फिरत नव्हता. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, अगदी सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला तो नसतो, हे मला तेव्हा कळलं. ठेवायचेच असतील तर विचारून ठेवा, आणि सगळे एका जागी ठेवू नका.

पनवेल, खासगी नोकरी
दर महिन्याला एसआयपी होती, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक हप्ता. बाबांच्या बायपासला चार वर्षांची बचत मोडली. आरोग्य विमा आधी घ्यायला हवा होता. आता घेतलाय.

ठाणे, गृहिणी
नवरा अचानक गेला. पैसा होता, पण कुठे ते मला माहीत नव्हतं. शेअर ठेवायची दोन डीमॅट खाती, तीन विमा पॉलिस्या, आणि फोनला कुलूप. एका खात्यावर नॉमिनी अजून सासरेच होते, जे आधीच वारले होते. तेव्हा कळलं की खात्यावरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क वारसांचाच असतो. वारस दाखला मिळवण्यात दीड वर्ष गेलं आणि तेवढे दिवस मुलाची फी भावानं भरली.
आता एक दोनशे पानी वही आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात. बँक, शाखा, खाते क्रमांक, नॉमिनी, एजंटचा फोन, सगळं माझ्या अक्षरात. दर पाडव्याला मुलगा मोठ्यानं वाचतो, मी सुधारते. तो सोळा वर्षांचा आहे.